स्वयंपाकघराचे रंग ठरवताना भिंत सगळ्यात शेवटी

स्वयंपाकघराचं काम काढलं की पहिल्याच दिवशी शेड कार्ड घरात येतं आणि भिंतीला कुठला रंग द्यायचा यावर खल सुरू होतो. इथेच गाडी उलटी निघते. भिंतीच्या रंगात हजारो छटा आहेत, मशीनवर हवी ती बनवून मिळते, नाही आवडली तर दोन दिवसांत बदलता येते. ओट्याचा दगड मात्र गोदामात जेवढे उभे असतील त्यांतूनच घ्यावा लागतो आणि एकदा बसला की वर्षानुवर्षं हलत नाही. दगडाला शोभेल असा रंग कधीही सापडतो. रंगाला शोभेल असा दगड शोधायला निघालात तर पायांचे तुकडे पडतात.

म्हणून ज्यात निवड कमी आणि बदल अवघड, ते आधी ठरवायचं: ओटा, फरशी, कपाटं, ओट्यामागची टाइल, हँडल-नळ, आणि मग भिंत व छत. त्याआधी दोन छोटी कामं आहेत.

जे बदलणार नाही त्याची यादी

फ्रिज तोच राहणार आहे का? खिडकीची चौकट, दाराचा रंग, बाहेरच्या खोलीतून आत येणारी फरशी? हे सगळं कागदावर लिहा. बाहेरच्या फरशीचा लोकांना हमखास विसर पडतो. स्वयंपाकघर उघडं असेल तर दोन्ही फरश्या एकाच नजरेत दिसतात आणि थोडा फरक हा मोठ्या फरकापेक्षा वाईट दिसतो. एक तर तीच फरशी पुढे न्या, नाही तर ठरवून वेगळी घ्या. 'जवळपास तशीच' आणलेली फरशी चुकून आल्यासारखी वाटते.

आता प्रत्येक वस्तूची झाक ओळखायची. फोटोकॉपीचा कोरा पांढरा कागद घ्या आणि वस्तूला टेकवून धरा. एरवी 'क्रीम' वाटणारी टाइल कागदाशेजारी गुलाबी दिसू लागते, 'राखाडी' दगड निळा किंवा हिरवट निघतो, पांढरं दार चक्क पिवळं असतं. ही झाकच पुढे भांडणं लावते. गुलाबी झाकेच्या फरशीवर पिवळट क्रीम कपाटं उभी केली की कपाटं जुनी, न पुसलेली वाटतात. दोन्ही रंग एकेकटे चांगले असतात, म्हणून बिघडलंय कुठे ते कळतच नाही. यादीत प्रत्येक वस्तूपुढे तिची झाक लिहून ठेवा: गुलाबी, पिवळी, हिरवी, निळी, जांभळी. पुढची निम्मी कटकट इथेच संपते.

दिवे आधी, रंग नंतर

रंग दिसतो तो प्रकाशात, त्यामुळे दिवे बदलायचे असतील तर नमुने बघण्याआधी बदला किंवा निदान तेच बल्ब आणून लावा. खोक्यावर दोन आकडे शोधा. पहिला केल्विनचा: २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. स्वयंपाकघराला ३००० ते ४००० बरा. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. तो ९० किंवा वर असू द्या. ८० च्या दिव्याखाली लाल आणि तपकिरी रंग मरगळतात, आणि लाकडी छटेची कपाटं घेणार असाल तर हे फार जाणवतं.

छताला ६५०० आणि वरच्या कपाटांखालच्या पट्टीला ३००० असं कधीही करू नका. ओट्याचा पुढचा भाग निळसर आणि मागचा पिवळा दिसतो, आणि दोष बिचाऱ्या दगडावर येतो.

आणखी एक त्रास प्रकाशामुळे होतो. दुकानात कपाटाचं लॅमिनेट आणि भिंतीचा रंग तंतोतंत जुळले, घरी आणले तर वेगळेच. दोन वेगळ्या पदार्थांतली रंगद्रव्यं एका दिव्याखाली सारखी आणि दुसऱ्याखाली वेगळी दिसू शकतात. म्हणून दुकानात जुळवलेल्या जोडीवर भरवसा नको. नमुने घरी आणायचे, नाही तर निदान दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायचे.

ओटा

ओट्याच्या रंगात दोन प्रश्न असतात: दिसेल कसा, आणि त्यावर काय काय दिसेल. पॉलिश केलेल्या काळ्याभोर दगडावर पाण्याचा प्रत्येक थेंब सुकून पांढरा ठिपका सोडतो. पाणी जड असेल तर दिवसातून चार वेळा पुसावं लागतं. एकसंध पांढऱ्यावर तेलकट आणि पिवळे डाग दिसतात. मधल्या छटेचा, बारीक ठिपक्यांचा किंवा रेघांचा दगड दोन्ही लपवतो. दिसायला तो जरा कमी रुबाबदार, पण रोजच्या वापराला हाच.

नैसर्गिक दगड नमुन्याच्या तुकड्यावरून पसंत करू नका. तळहाताएवढ्या तुकड्यात जी रेघ नाजूक वाटते ती पूर्ण स्लॅबमध्ये आडवी-तिडवी धावत असते. अख्खा स्लॅब उभा करून बघा, ओला करूनही बघा, आणि पसंत पडल्यावर तोच स्लॅब राखून ठेवायला सांगा. कारखान्यात बनलेला क्वार्ट्ज जास्त एकसारखा असतो, पण त्यात राळ असते. खिडकीतून थेट ऊन पडणाऱ्या जागी त्याचा रंग काळानुसार बदलू शकतो, पांढरा असेल तर पिवळट पडू शकतो. तिथे नैसर्गिक दगड सुरक्षित.

दगड ठरला की त्यातले ठिपके नीट बघा. काळ्या दगडात करडे ठिपके असतील तर त्याचा कल थंड रंगांकडे, तपकिरी-सोनेरी असतील तर उबदार रंगांकडे. कपाटांचा रंग याच ठिपक्यांतून उचलला तर सहसा चुकत नाही.

फरशीबद्दल थोडक्यात: ओट्यापेक्षा ठळक नको, अगदी चकचकीत नको (ओली झाली की पाय घसरतो), आणि घरात अंधूक दिसणारी ज्येष्ठ माणसं असतील तर फरशी आणि ओट्याची कड यांत उजेड-अंधाराचा स्पष्ट फरक हवा. हा फरक मोजायला एलआरव्ही नावाचा आकडा असतो. काळा शून्य, पांढरा १००. अनेक शेड कार्डांच्या मागे तो छापलेला असतो. दोन पृष्ठभागांत ३० अंकांचा फरक असला तर कड चटकन दिसते.

कपाटं

६०-३०-१० चा नियम सगळीकडे वाचायला मिळतो: ६० टक्के मुख्य रंग, ३० टक्के जोडीचा, १० टक्के उठावाचा. स्वयंपाकघरात तो डोळे झाकून लावला की फसतो, कारण बसायच्या खोलीत मुख्य रंग भिंतीचा असतो, इथे कपाटांचा. वर-खाली कपाटं बसली की मोकळी भिंत किती उरते ते मोजून बघा. तेव्हा जो रंग 'उठावाला जरा लाल' म्हणून शटर्सना निवडला, तो प्रत्यक्षात खोलीचा मुख्य रंग होतो.

खोली लहान किंवा छत कमी उंचीचं असेल तर वरची कपाटं भिंतीच्या रंगाची आणि खालची गडद, ही जुनी युक्ती अजूनही सगळ्यात भरवशाची. वरची भिंतीत मिसळून जातात, खालची खोलीला वजन देतात. वरचीही गडद हवी असतील तर त्यांच्याखाली दिव्यांची पट्टी लावावीच लागेल. एलआरव्ही २० च्या खालचे रंग उजेड गिळतात आणि ओट्यावर चिरताना स्वतःच्या हाताची सावली आडवी येते. कपाटाच्या आतली बाजू मात्र नेहमी फिकट ठेवा, नाही तर मागच्या कोपऱ्यातला डबा सापडत नाही.

चकाकीकडे रंगाइतकंच लक्ष द्या. गडद आणि चकचकीत या जोडीवर बोटांचे ठसे, धूळ, पुसण्याच्या बारीक रेघा सगळं दिसतं. फिकट आणि चकचकीत चालून जातं. गडदच हवं असेल तर मॅट किंवा स्वेड पोताचं घ्या, पण स्वेड फार खरखरीत नको, त्या खाचांत तेलाची चिकट धूळ बसते. गॅसच्या दोन्ही बाजूंच्या शटर्सवर ती सगळ्यात आधी दिसते.

लॅमिनेट आणताना सुताराकडून एकूण पत्रे मोजून घ्या आणि सगळे एकदम आणा. ८ बाय ४ फुटांच्या पत्र्यावर मागे बॅचचा शिक्का असतो, तो सगळ्यांवर एकच हवा. मागाहून आणलेला एक पत्रा किंचित वेगळा निघाला तर तो नेमका डोळ्यासमोरच्या शटरवर येतो. लाकडी रेघांचं लॅमिनेट असेल तर रेघा उभ्या की आडव्या हे कापण्याआधी सांगा. कडेची पट्टी त्याच रंगाची मिळते का तेही आधीच बघा. पांढऱ्या शटरला दुसऱ्या पांढऱ्याची पट्टी लागली की प्रत्येक दाराभोवती चौकट काढल्यासारखी दिसते.

जुन्याच कपाटांना रंग देणार असाल तर एक धोका लक्षात ठेवा. पांढरा ऑइल पेंट उजेड न मिळणाऱ्या जागी पिवळा पडतो: शटरच्या आतली बाजू, फ्रिजमागची फळी, कॅलेंडर टांगलेली जागा. अमोनियाच्या साफसफाईने हे आणखी लवकर होतं. पांढरा किंवा ऑफ व्हाइट द्यायचा असेल तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक एनॅमल घ्या. आणि खऱ्या लाकडाचा व्हिनीअर (प्लायवर चिकटवायचा पातळ पापुद्रा) वापरलात तर तोही उजेडाने रंग बदलतो. चेरी गडद होतो, अक्रोड फिकटतो. पहिले काही महिने एकच वस्तू तिथे टेकवून ठेवू नका, तिचा आकार उमटतो.

ओट्यामागची भिंत

गॅसच्या मागे नुसता रंग नको. वाफ, तेल, उष्णता आणि रोजचं घासणं तो फार काळ सोसत नाही. टाइल लावा किंवा काच.

टाइलच्या खोक्यावर शेड नंबर असतो, सगळ्या खोक्यांवर एकच आहे का ते दुकानातच बघा. काही टाइलवर व्ही १ ते व्ही ४ असं लिहिलेलं असतं. व्ही १ म्हणजे सगळ्या टाइल जवळजवळ सारख्या, व्ही ४ म्हणजे एकीसारखी दुसरी नाही. व्ही ३-४ असेल तर दोन-तीन खोकी एकदम फोडून मिसळा आणि मग लावायला द्या, नाही तर एका कोपऱ्यात सगळ्या गडद टाइल गोळा होतात. सरळ मांडणीला १० टक्के जास्त घ्या, तिरप्या किंवा माशाच्या काट्यासारख्या मांडणीला १५.

सांध्यातला ग्राउट हाही एक रंगच आहे, आणि निवडताना कोणी त्याचा विचार करत नाही. टाइलच्याच रंगाचा ग्राउट भिंत एकसंध दाखवतो. उलट रंगाचा ग्राउट प्रत्येक टाइल उठवून दाखवतो आणि कारागिराची प्रत्येक चूकही. सिमेंटचा पांढरा ग्राउट गॅसमागे काही महिन्यांत पिवळा पडतो. तिथे फिकट राखाडी घ्या, नाही तर सिमेंटऐवजी राळेचा, म्हणजे इपॉक्सी ग्राउट. सिमेंटचा ग्राउट ओला असताना गडद दिसतो आणि सुकल्यावर फिकटतो, त्यामुळे ओल्यावर निर्णय नको. प्लायच्या तुकड्यावर चार टाइल चिकटवा, दोन प्रकारचे ग्राउट भरा, दोन-तीन दिवस सुकू द्या आणि मग ठरवा. चकाकी नसलेल्या किंवा तडकलेल्या पोताच्या टाइलवर गडद ग्राउट डाग सोडू शकतो, तोही याच तुकड्यावर कळतो.

काच लावायची असेल तर नेहमीची फसगत अशी: मागून पांढरा किंवा फिकट क्रीम रंग दिलेली काच भिंतीवर हिरवट दिसते. साध्या काचेत लोह असतं. काचेची कड बघितली की तो हिरवा रंग दिसतो. फिकट रंग हवा असेल तर कमी लोहाची, म्हणजे एक्स्ट्रा क्लिअर काच मागा. गडद रंगाला साधी चालते. गॅसमागची काच टफन केलेली (तापवून मजबूत केलेली) हवी, आणि टफन झाल्यावर ती कापता येत नाही, म्हणून सॉकेटची भोकं आधीच मोजून द्या.

आता भिंत

इथपर्यंत आलात की निवड आपोआप आकसलेली असते. ओट्याचा लहान तुकडा, एक शटर, एक टाइल, एक हँडल एका ट्रेमध्ये ठेवा आणि शेड कार्ड त्याच्या शेजारी धरा. हाताशी बहुधा पाच-सहा छटाच उरतात. फोनवरच्या फोटोवरून काहीही ठरवू नका. कॅमेरा पांढरा रंग आपल्या मनाने दुरुस्त करतो, आणि संगणकावरच्या चित्रात दिवेही काल्पनिक असतात.

तीन छटांचे छोटे डबे आणा. रंग भिंतीवर न लावता दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर लावा, प्रत्येकाचे दोन हात, कडेने बोटभर कोरी पट्टी ठेवून. भिंतीवर लावला तर भोवतीचा जुना रंग डोळ्याला फसवतो. लालसर भिंतीवर राखाडीचा पट्टा हिरवट दिसतो, आणि माणूस चांगला राखाडी नाकारतो. शिवाय पुठ्ठा हलवता येतो. पूर्ण सुकू द्या. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, सुकल्यावर बहुतेक वेळा गडद होतं.

पुठ्ठा ओट्याशेजारी उभा करून सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावून बघा, निदान दोन दिवस. खिडकीत थेट ऊन येत नसेल तर उजेड निळसर असतो. अशा खोलीत निळी झाक असलेला राखाडी उदास दिसतो, तिथे पिवळट किंवा गुलाबी झाकेचा घ्या. पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळचं ऊन क्रीमला केशरी करून टाकतं.

दोन छटांत अडकलात तर फिकट घ्या, किंवा त्याच रंगातली जरा मळकट. चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे कार्डावरच्या चौकोनापेक्षा खोलीत रंग भडक दिसतो. पिवळ्या आणि पोपटी रंगांत तर फारच. उजेड कमी असलेल्या स्वयंपाकघरात भिंतीचा एलआरव्ही ६० च्या वर आणि छताचा ८० च्या वर असू द्या.

चकाकी: भिंतीला सॅटिन, म्हणजे मॅट आणि ग्लॉस यांच्या मधली. ती पुसता येते आणि भिंतीचे खड्डे फार दाखवत नाही. ग्लॉस धुवायला आणखी सोपा, पण पुट्टीचा प्रत्येक उंचवटा आडव्या उजेडात उघडा पाडतो. छताला मॅट, वाफ कोंडत असेल तर बुरशीरोधक.

किती रंग लागेल

१० बाय ८ फुटांची, ९ फूट उंचीची खोली घेऊ. चार भिंतींची लांबी ३६ फूट, गुणिले ९ म्हणजे ३२४ चौरस फूट. दार २१ आणि खिडकी १६ वजा केली की २८७ उरतात. दहा फुटांच्या भिंतीवर ओटा, टाइल आणि कपाटं मिळून सात फुटांपर्यंत जागा व्यापतात, म्हणजे आणखी ७० वजा. उरले २१७. दोन हातांचे ४३४. एका लिटरमध्ये एक हात साधारण १०० चौरस फूट धरला तर साडेचार लिटरच्या आत काम होतं, म्हणून ५ घ्या. डब्यावर याहून मोठा आकडा छापलेला असेल, तो गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो. छत ८० चौरस फूट, दोन हातांना २ लिटर. भडक लाल आणि पिवळे रंग खालचा थर नीट झाकत नाहीत, त्यांना तीन-चार हात लागतात. त्यांच्याखाली साध्या पांढऱ्याऐवजी रंग मिसळलेला प्रायमर द्यायला सांगा, एखादा हात वाचतो.

लावताना रंग बिघडतो तो असा

जुन्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तेलाचा न दिसणारा थर असतो. तो न काढता रंग दिला तर काही आठवड्यांत पिवळे ढग वर येतात आणि पापुद्रे सुटतात, मग रंग कितीही भारी असो. कोमट पाणी आणि भांड्यांचं डिटर्जंट घेऊन भिंत धुवा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा, सुकू द्या, पॉलिश पेपर मारा. तरी पिवळे डाग राहिले तर डाग रोखणारा प्रायमर. नवं प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस थांबा. ओल्या सिमेंटमधला क्षार रंगद्रव्यं खातो आणि भिंत चट्टेपट्टे दाखवते.

मशीनवर बनवलेले दोन डबे एकाच कोडचे असले तरी केसभर वेगळे असू शकतात. सुरू करण्याआधी सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्या. हे न करता भिंतीच्या मध्यावर डबा बदलला तर रेघ दिसते आणि मग दोष रंगाऱ्याला मिळतो. दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्या, किंवा डब्यावर लिहिले असतील तितके. पहिला महिना भिंत घासू नका, मऊ ओल्या फडक्याने टिपा.

उरलेला रंग पाव लिटर तरी घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा. बरणीवर रंगाचा कोड, बेसचं (मशीनवर छटा ज्यात मिसळतात त्या मूळ रंगाचं) नाव, चकाकीचा प्रकार, बॅच आणि तारीख लिहा, आणि त्याच कागदावर लॅमिनेटचा नंबर, टाइलचा शेड नंबर, ग्राउटचा रंग. सॅटिनच्या भिंतीवर मधेच ठिपका मारला तर तो उजेडात वेगळा चमकतो, म्हणून डागडुजी लहान असली तरी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंत रंगवा.